तांब्याच्या पत्र्याला कल्हई

माझ्या नाकावर राग असतो हे भाईंदर गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मिठागरावरची माणसंसुद्धा वाटेत मला काही विचारायचं झालं तर आधी माझा चेहरा बघून घेत. बायकोने मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, की हा माणूस दुधासारखा आहे, उतू गेला की आपोआप खाली बसतो. तिचा हा अंदाज एकदाच चुकला. ती गोष्ट लिहायची म्हणून आज बसलो आहे.

माझे वडील जवळच्या तारोडीला शिंपल्यांचा चुना भाजायचे. समुद्रावरून गोळा केलेल्या शिंपल्या आणि कोळसा असे थरावर थर रचायचे, भट्टी पेटवायची आणि तीन दिवस तिच्याकडे लक्ष ठेवायचं. थंडीच्या दिवसांत भट्टीच्या कडेला छान ऊब असायची. पण तिथे निजायचं नाही, असा आम्हा पोरांना सक्त हुकूम होता. आमचा कुत्रा एकदा ऊब घ्यायला भट्टीच्या खड्ड्यात शिरला आणि तिथेच मेला. अंगावर ओरखडा नव्हता की रक्ताचा थेंब नव्हता. वडील म्हणाले, "हवेनं खाल्ला त्याला." ही हवा कोण, तिला दात कुठे असतात, ते मला कितीतरी वर्षं कळलं नाही. कॉलेजात गेल्यावर कळलं की शिंपलीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड खड्ड्यात साचतो आणि जीव घुसमटतो. त्या दिवशी वर्गात माझं पुढच्या तासाकडे लक्षच लागेना. सारखा कुत्रा आठवत राहिला.

मी गावातला पहिला बी.एस्सी. वडील तोवर गेले होते. आईने आणि थोरल्या काकांनी मला पुढे शिकू दिलं, आणि एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला तो ह्याच हवेचा. हा वायू पाण्यात विरवायचा, त्या पाण्यात धातूचे दोन पत्रे सोडायचे, वीज खेळवायची आणि वायूचं फॉर्मिक ॲसिड करायचं. लाल मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते हे ॲसिड. कातडं कमावायला लागतं, रंगाऱ्यांना लागतं, आणि महायुद्धामुळे ते बाहेरून यायचं बंद झालं होतं. चुन्याच्या प्रत्येक भट्टीतून फुकट जाणारी हवा धरली तर काय होईल, ह्या विचाराने मी अक्षरशः झपाटून गेलो होतो.

सगळी मेख होती ती ज्या पत्र्यावर हा बदल घडतो त्याच्यात. जस्त आणि शिसं ह्यांच्यावर हे होतं असं जुन्या जर्मन पुस्तकांत होतंच. मला स्वतःचं काहीतरी हवं होतं. म्हणून मी तांबं निवडलं, आणि नुसतं तांबं नाही. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात तो पत्रा ठेवून, वीज सोडून, त्याच्यावर तांब्याची बारीक भुकटी बसवली. जितकी खडबड जास्त तितकी वायूला टेकायला जागा जास्त, असा माझा सिद्धांत होता. हाताएवढ्या त्या एका पत्र्यावर मी तीन आठवडे घालवले. बोट लागलं तरी भुकटी निघे. घरात मी दवंडीच पिटली होती, "ह्याला कोणी बोट लावायचं नाही, खडबड जाईल."

बायकोने एकदा विचारलं, "ह्या पत्र्याचं काम काय?"

मी म्हटलं, "हा उत्प्रेरक. म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोघांना जवळ आणतो, लग्न लावून देतो, आणि आपण आहे तसाच राहतो."

"जेवून जातो का?"

"नाही."

"मग असला मध्यस्थ आमच्या गावात न्हाय," ती म्हणाली आणि मासळी धुवायला निघून गेली.

ती मुर्ध्याजवळच्या मिठागरावरची. तिचे आईवडील, भाऊ, सगळेच मिठात राबणारे. शाळा तिने पाहिली होती ती बाहेरून. माझ्याशी लग्न झालं तेव्हा माझ्या मनात थोडी नाराजी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. कॉलेजातल्या माझ्या मित्रांच्या बायका मासिकं वाचायच्या. मी चार लोकांत सहज म्हणून जायचो, "आमच्या मंडळींना ह्यातलं काही कळत नाही." आणि लोक हसले की मीही हसायचो.

कॉलेजची अर्धी इमारत लष्कराने घेतली होती. प्रयोगशाळेत उभं राहायला जागा मिळेना, तेव्हा माझा प्रबंध बघणाऱ्या सरांनी मला सुट्टीत घरीच प्रयोग करायची परवानगी दिली. पण सोबत एक अटही घातली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी त्यांना नळीत फॉर्मिक ॲसिड दाखवायचं. नाही दाखवलं तर माझी जागा दुसऱ्याला जाणार, कारण जागेसाठी दोघेजण दारात उभेच होते. तसं झालं असतं तर माझ्यासाठी मिठागरावरची कारकुनी तयार होती. काकांनी मालकाकडे शब्द टाकून ठेवला होता. भल्यासाठीच टाकला होता, पण मला ती कारकुनी म्हणजे जन्मठेप वाटायची.

तेव्हा आमच्या पडवीत प्रयोगशाळा उभी राहिली. काशीमीऱ्याच्या नाक्यावर लॉऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडून मोटारीची बॅटरी बैलगाडीतून आणायची आणि उतरली की भरायला परत न्यायची. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत खायच्या सोड्याचं पाणी. दोन पत्र्यांकडचं पाणी वेगळं राहावं म्हणून मध्ये संक्रांतीच्या सुगडातलं एक कोरं बोळकं. वायूसाठी बायको तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून देई. त्यांच्यावर मी ॲसिड ओतायचो आणि वायू नळीने बरणीत सोडायचो. आई लांबून बघायची आणि शेजारणीला सांगायची, "शिकलेला हाय ना, चालायचंच."

आणि होईना काही. बुडबुडे मात्र ढीगभर यायचे, पत्र्यावरून नुसती उकळी फुटल्यासारखे. पण ते हायड्रोजनचे. पाण्याचाच भुगा पडत होता, वायूला कोणी विचारत नव्हतं. ॲसिड आहे का हे बघायला मी विहिरीत टाकतात ते लाल औषध वापरायचो. गुलाबी पाण्याचा रंग उडाला तर काहीतरी तयार झालं असं समजायचं. रंग जागचा हलत नव्हता. दहा दिवस रोज तेच. रोज संध्याकाळी बायको विचारी, "झालं का आंबट?" आणि रोज मी तिच्यावर खेकसायचो.

सुट्टी संपायला चार दिवस राहिले तेव्हा मी एक रसायन आणायला मुंबईला गेलो. पत्रा वाळवून, कपड्यात अलगद गुंडाळून कोनाड्यात ठेवला होता. दुपारी परत आलो, कपडा सोडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

पत्रा पांढरा शुभ्र झाला होता. चांदीसारखा. बायकोने त्याला कल्हई करून घेतली होती.

"सकाळी कल्हईवाला आलेला," ती म्हणाली, अगदी आनंदाने. "तुमी त्या तांब्यात आंबट करताव. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट कळकणारच. म्हणून तर तुमचं होत न्हाय."

ज्याला स्वयंपाकघर ठाऊक आहे त्याला तिचं म्हणणं कळेल. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात चिंच-कोकम पडलं की कालवण कळकतं, हिरवं होतं, खाल्लं तर उलट्या होतात. आमच्याकडे पोरीला चूल पेटवण्याआधी हे शिकवतात. मी दहा दिवस तांब्यात आंबट करायला बसलो होतो आणि तिने आपल्या परीने माझी चूक दुरुस्त केली होती.

हे मला आज कळतं. तेव्हा मी तिला एक वाक्य बोललो. आई समोर होती, शेजारीण दारात होती. ते वाक्य ह्या ठिकाणी लिहायला हात धजत नाही, शेवटी लिहीन. तिने ते ऐकलं, पत्रा माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी पाहिलं, कालवण मातीच्या मडक्यातलं होतं. त्याला जरा मडक्याचा वास येत होता. मी ताट सरकवलं. तेव्हा मात्र आईने मला धरलं. एरवी माझ्या रागाला तीही बिचकायची.

"गुमान जेव," ती म्हणाली. "कल्हईवाल्याकडं कथील जास्ती उरलं न्हवतं. घराला एकच भांडं करीन बोलला. तिनं आपलं पातेलं मागं ठेवलं न् तुझा पत्रा दिला. आता पुढला कल्हईवाला येवस्तोवर हिनं मडक्यात रांधायचं."

जपान्यांनी मलाया घेतल्यापासून कथील मिळेनासं झालं होतं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्याचा आमच्या चुलीशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ताट परत पुढे ओढलं. मला लाज वाटली, खरोखरीची लाज, पण तिला चांगलं असं काही बोलायला तोंड उघडेना. तापट माणसाचं हेच वाईट. शिवी चटकन येते, माफी मागायची म्हटली की दातखीळ बसते.

दोन दिवस उरले होते आणि दुसरा पत्रा करायला तीन आठवडे हवे होते. मग मी तोच कल्हईचा पत्रा बरणीत सोडला. खोटं कशाला बोलू, आशा म्हणून नाही सोडला. 'बघ तुझ्या कल्हईचा पराक्रम' असं दाखवायला सोडला. वीज जोडली. बुडबुडे यायचे जवळजवळ थांबले. मेला पत्रा, मी म्हटलं. संध्याकाळी सवयीने चार थेंब गुलाबी पाण्यात घातले आणि गुलाबी रंग बघता बघता उडून गेला.

मी पुन्हा घातले. पुन्हा उडाला. मग घाम फुटला, कारण कथील विरघळलं असलं तरी हा रंग उडतो. म्हणजे पत्राच झिजत असेल आणि मी उगाच नाचत असेन. सोमवारी सरांनी हेच विचारलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते पाणी ॲसिड घालून उकळलं आणि वाफ थंड करून वेगळी धरली. वाफेबरोबर फॉर्मिक ॲसिड येतं, कथील येत नाही. पडवीत धूर, शेगडी, नळ्या असा पसारा मांडलेला. बायको परसातून आत येता येता थबकली. तिच्या नाकाला मासळी कालची की परवाची ते टोपलीवरूनच कळायचं.

"आंब्यावरच्या लाल मुंग्या चिरडल्या का कोनी?" तिने विचारलं.

त्या प्रश्नाने मला जो आनंद झाला तसा पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा झाला. धरलेल्या पाण्यात लाल औषधाचा रंग टिकला नाही. ॲसिड होतं. थोडं होतं, पण होतं. मी आईला हाक मारली, काकांना बोलावलं, बरणीभोवती उड्या मारल्या. बायकोला मात्र एवढंच म्हटलं, "झालं आंबट." ती म्हणाली, "मग बरं." आणि मडकं चुलीवर चढवायला गेली.

सोमवारी सरांनी नळी उजेडात धरली, स्वतः तपासून बघितली आणि चष्मा काढला. "कथील कसं सुचलं तुला?"

मी म्हणालो, "सर, कथिलावर हायड्रोजन सहजी सुटत नाही. म्हणून वायूला वाव मिळेल असा विचार केला."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. फक्त तो विचार मी केला नव्हता, आगगाडीत बसून रचला होता. सरांनी पाठ थोपटली, माझी जागा पक्की झाली. प्रबंधाला आणखी तीन पत्रे करून आण म्हणाले, एकाच पत्र्यावर कोणी विश्वास ठेवत नसतं.

आता देवाने माझी परीक्षा घेतली. मी तांब्याचे तीन पत्रे केले, तशीच खडबड आणली, प्रयोगशाळेतलं कथील चढवलं आणि तिन्ही पत्रे फुकट गेले. कथील वितळवून लावलं तर खडबड बुजून पत्रा आरशासारखा गुळगुळीत होई. वर कापूस फिरवला तर भुकटीच निघून येई. ॲसिड येई ते नावापुरतं. दीड महिना मी डोकं फोडून घेतलं. सर विचारू लागले, "पहिल्याला काय केलं होतंस?" काय सांगणार? पहिल्याला कल्हई झाली तेव्हा मी तिथे नव्हतोच. झाकली मूठ उघडायची वेळ आली होती.

एका रविवारी ती ओट्यावर कोळंबी सोलत होती. मी शेजारी जाऊन बसलो. मी शेजारी बसलो म्हणून ती दचकली, ह्यावरूनच काय ते समजावं.

"त्या दिवशी कल्हईवाल्याने पत्र्याला काय केलं?" मी विचारलं.

"कल्हई केली."

"तसं नव्हे. कशी केली?"

तिने हात थांबवले. "तो नेहमीसारखा कापूस घासायला निघालेला. मी बोलली, घासू नको, ह्याची खडबड जाईल. आमच्या मालकांनी तीन आठवडे राखलीय. तो हसला, बोलला, 'बाई, बिना रगडे कल्हई नहीं बैठती.' मी बोलली, तू नवसागर टाक, कथील जरा शिंपड न् पत्रा हलवून लगेच आगीवरून काढ, जास्तीचं झटकून टाक. वडे तळतो तसं, तेल झाडून. दोनदा कापूस हातात घेतला त्यानं, दोनदा मी थांबवला. शेवटी मीच सांडशी धरली."

तीन आठवडे मी घरादारावर ओरडत होतो की खडबड जाईल, खडबड जाईल. पालथ्या घड्यावर पाणी, असं मला वाटायचं. आणि ह्या बाईने माझा सगळा सिद्धांत मनात धरून, चुलीच्या शहाणपणात घालून, माझ्यापेक्षा नीट करून दाखवला होता. ज्या हातांनी तो सांभाळला त्याच हातांसमोर मी ते वाक्य बोललो होतो.

"उत्तनला सण हाय," ती म्हणाली. "सणाआधी तिथं कल्हईवाला बसतो. तोच असेल."

प्रयोगशाळेतलं उरलेलं कथील पुडीत बांधून आम्ही दोघे राई-मुर्ध्याच्या रस्त्याने उत्तनला गेलो. चर्चच्या आवाराबाहेर ख्रिस्ती बायका आपापली हंडी-पातेली घेऊन रांगेत बसल्या होत्या. सणाच्या जेवणाची भांडी. आमचे पत्रे बघून त्यांना हसू आवरेना. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर पत्र्यात जेवतंय काय?" पण पुढे जाऊ दिलं. बायकोने पदर खोचला, सांडशी घेतली आणि भात्यापुढे बसली. कल्हईवाल्याने तिला ओळखलं आणि कपाळावर हात मारला. मी वही घेऊन बाजूला उभा होतो. ती म्हणे "आता", मी वेळ टिपत होतो. तिन्ही पत्रे झाले. चौथं मी तिचं पातेलं पुढे केलं. परतीच्या वाटेवर ते तिने माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच कडेवर घेऊन चालत राहिली.

तिन्ही पत्र्यांवर ॲसिड आलं. मग मी सरांकडे गेलो आणि आगगाडीत रचलेलं वाक्य मागे घेतलं, सगळं पहिल्यापासून सांगितलं. आता जागा जाणार असंच धरून चाललो होतो. सरांनी माझ्या वहीत टिपलेल्या वेळा बघितल्या. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, मूर्खा? दीड महिना वाचला असता." आणि म्हणाले, पद्धतीच्या प्रकरणात हे जसं घडलं तसं लिही.

लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तेवढं पान पुन्हा वाचलं आणि तुमच्या पत्नी कुठे शिकल्या असं विचारलं. मी म्हणालो, मुर्ध्याच्या मिठागरावर. कोणी हसलं नाही.

प्रबंध बांधून आला त्या दुपारी मी ते पान तिला मराठी करून वाचून दाखवलं. तिने हात पुसले, समोर बसली, शेवटपर्यंत ऐकलं. 'कथिलाचा थर देण्याची ही रीत लेखकाच्या पत्नीची आहे' असं त्यात होतं.

"कल्हईवाल्याचं न्हाय लिवलं?" तिने विचारलं. "पहिलं कथील तर त्याचंच होतं."

"राहिलं," मी म्हणालो.

"न् त्या दिवशी तुमी मला बोललात ते? जसं घडलं तसं लिवायचं बोलले ना तुमचे सर."

मी प्रबंध मिटला. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"लिवा कवातरी," ती म्हणाली आणि उठली.

मी बोललो होतो, "मिठागरावरची पोर घरात आणली तेव्हाच मला माहीत होतं, हिला जन्मभर भांड्यापलीकडे काही दिसणार नाही."

हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली. ती आत भाजी निवडते आहे. हे पान घेऊन आता मी तिच्याकडे जातो आहे.